तुटलेला बोल्ट काढताना: जुन्या मोटरसायकलच्या इंजिनासाठी

बोल्ट तुटला की पहिला प्रश्न हा: सोडताना तुटला, की आवळताना? पुढचं सगळं काम या उत्तरावर ठरतं. आणि नेमका हाच प्रश्न गॅरेजमध्ये सहसा कुणी विचारत नाही, सरळ ड्रिल मशीन काढतात.

आवळताना तुटला असेल तर नशीब बरं म्हणायचं. जास्त जोर लागून डोकं पिळवटून निघालं, पण आत राहिलेला तुकडा जाम झालेला नाही. डोकं गेलं तसा त्याच्यावरचा ताणही गेला. अशा तुकड्याच्या कडेला टोकदार सुया लावून घड्याळाच्या उलट दिशेने हलकेच ढकलत राहिलं, तर पुष्कळदा तो आपणहून वर येतो. सोडताना तुटला असेल तर गोष्ट वेगळी. तो आतल्या आट्यांना इतका चिकटला होता, की लोखंड तुटलं पण आटे सुटले नाहीत. त्याच्याशी घाईने वागलात तर तुकडा निघेल, पण भोकाची वाट लागेल.

भोक जपायचं, हे या सगळ्या कामातलं मुख्य सूत्र. बोल्ट दुकानात मिळतो. जावाचं किंवा जुन्या बुलेटचं चांगलं चेंबर, म्हणजे इंजिनाचं बाहेरचं खोकं, मिळवायला मात्र महिनोन्‌महिने शोधावं लागतं, आणि मिळालं तरी त्यावर दुसऱ्याच गाडीचा इंजिन नंबर असतो. म्हणजे आरटीओकडे आरसी बुकात नोंद बदलून घेणं आलं. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे नियम आणले. त्यातही इंजिन, चेसिस मुळातलंच असावं, त्यात मोठे फेरफार नसावेत, अशी अट आहे. तेव्हा खाली दिलेले उपाय मी त्याच क्रमाने लावले आहेत: ज्यात भोकाला धोका कमी ते आधी, ज्यात परतीची वाट नाही ते शेवटी.

बोल्ट का तुटतो

जुन्या गाड्यांचं चेंबर, हेड, क्लच कव्हर हे सगळं अ‍ॅल्युमिनियमचं, आणि त्यात जाणारे बोल्ट लोखंडाचे. या दोन धातूंच्या मध्ये पाणी शिरलं की अ‍ॅल्युमिनियम गंजायला लागतं आणि त्याची पांढरी भुकटी तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा खाते, त्यामुळे आटे आतून आवळले जातात. आपल्याकडे चार महिने पाऊस. कोकणात आणि गोव्यात त्यात खारी हवा. पावसाळ्यात अंगणात ताडपत्रीखाली उभी राहिलेली गाडी आणि रोज पळणारी गाडी यांचे बोल्ट सोडून बघा, फरक हाताला कळतो.

दुसरं कारण सायलेन्सरकडचं. हिरो होंडा सीडी १०० सारख्या फोर-स्ट्रोक गाड्यांना बेंड पाइप, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणारा वाकडा पाइप, हेडवर दोन स्टडनी (डोकं नसलेल्या आटेदार दांड्यांनी) धरलेला असतो. ते स्टड रोज तापतात, निवतात, वर रस्त्यावरचं पाणी उडतं. काही वर्षांनी नट आणि स्टड एकजीव होतात. जावाला तिथे आटेदार रिंग असते, आणि लोखंडी ब्लॉकच्या जुन्या बुलेटचा पाइप हेडच्या भोकात नुसता सरकवलेला. त्यामुळे या दोन गाड्यांवर निदान हा त्रास नाही.

तिसऱ्या कारणाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बुलेटवाल्यांचे अर्धेअधिक बोल्ट त्यामुळेच तुटतात. १९५५ साली मद्रासला बुलेट बनायला लागली ती इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्ड कारखान्याच्या नकाशांवर. आटेही तिकडचेच आले: व्हिटवर्थ, बीएसएफ, सायकल थ्रेड, ही सगळी इंचातली इंग्लिश मापं. पुढे हळूहळू मेट्रिक शिरलं. त्यामुळे एकाच इंजिनावर दोन-तीन जातींचे आटे सापडतात. आता गंमत बघा. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, अगदी ८ च्या जवळ. ५/१६ बीएसएफला इंचात २२ आटे, व्हिटवर्थला १८. आणि साध्या ८ मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.२५ मिलिमीटर; इंचाला साधारण २० आटे. कुणीतरी इंग्लिश भोकात हाताशी असलेला मेट्रिक बोल्ट लावतो. पहिले दोन-तीन आटे तो गोडीने जातो, मग जड होतो. ‘गंज असेल’ म्हणून पाना मारला जातो. बोल्ट बसतो खरा, पण आतले आटे चिरडून. पुढच्या वेळी उघडताना तो तुटतो आणि दोष बिचाऱ्या गंजाला.

जावा-येझदीवाले या बाबतीत सुखी. १९६१ पासून म्हैसूरला बनलेली ही गाडी मुळात चेक, म्हणून सगळं मेट्रिक. १९८५ ला आलेली यामाहाची आरएक्स १०० सुद्धा मेट्रिक. पण तिच्या कव्हरचे फुलीचे स्क्रू जपानी घाटाचे आहेत. त्यात साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर घातला की तो वर उचलला जातो आणि फुलीचं गोल भोक करून टाकतो. जपानी मापाचा, जेआयएस टोकाचा ड्रायव्हर वेगळा मिळतो. तो एकदा घेऊन ठेवावा.

जुन्या बोल्टचे आटे मोजायला पिच गेज लागतं. पात्यांचा छोटासा जुडगा असतो, फार महाग नसतो. घेताना मेट्रिक आणि व्हिटवर्थ दोन्ही असलेला घ्या. मेट्रिक आट्याचा कोन ६० अंशाचा, व्हिटवर्थ आणि बीएसएफचा ५५. पातं आट्यात बसवून उजेडासमोर धरलं की कळतं.

हात घालण्याआधी

थांबायचं. चहा घ्या हवा तर. तुटल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत माणूस चिडलेला असतो आणि सगळ्यात वाईट निर्णय त्याच वेळी घेतो.

मग जागा रॉकेल आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ करा. तुकडा बाहेर डोकावतोय, पृष्ठभागाला समतल आहे की आत खोल गेलाय ते बघा. भोक आरपार आहे की बंद, हे शेजारच्या तसल्याच भोकात तार घालून मोजता येतं. तुकड्याच्या मागे काय आहे तेही समजून घ्या. तिथे ऑइलची वाट असेल किंवा पातळ भिंत असेल, तर एक मिलिमीटर जादा ड्रिल महागात पडेल.

कव्हर, हेड, बेंड पाइप, जे काही त्या बोल्टने धरलं होतं ते आधी काढून घ्या. बाकीचे बोल्ट सोडून कव्हर उचललं की पुष्कळदा खाली सेंटिमीटरभर दांडी उभी दिसते, आणि काम निम्म्याने सोपं होतं. बाकीचे स्क्रू काढताना एक पुठ्ठा घ्या, त्यावर कव्हरची बाह्यरेषा काढा आणि प्रत्येक स्क्रू आपापल्या जागी पुठ्ठ्यात खोचून ठेवा. कव्हरचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. लांब स्क्रू आखूड भोकात गेला की तळाला टेकतो, आणि तिथून पुन्हा हीच कथा सुरू होते.

आग वापरायची असेल तर पेट्रोलची टाकी आणि कार्ब्युरेटर काढून गाडीपासून लांब ठेवायचे. वेल्डिंग करायचं असेल तर बॅटरी सोडायची, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असलेल्या गाडीत त्याचा डबाही. डोळ्यांवर गॉगल हवाच. ड्रिलचा कीस डोळ्यात गेला तर बोल्टचं दुःख विसराल.

तुकडा बाहेर असेल तर

सगळ्यात आधी तेल आणि वेळ. दुकानातला गंज सोडवणारा स्प्रे चालतो. घरी करायचं तर पॉवर स्टिअरिंगचं एटीएफ ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं मिसळा, वापरताना दर वेळी हलवा, आणि टाकीच्या रंगावर थेंब पडू देऊ नका. अ‍ॅसिटोन रंग खातं. संध्याकाळी लावा, रात्रभर राहू द्या, सकाळी पुन्हा लावा. तुकडा समतल असेल तर तेल वाहून जातं, म्हणून भोवती शाडूच्या मातीचा छोटा बांध घालून आत तेलाचं डबकं करून ठेवावं.

मग ठोका. बोल्टच्या टोकावर सपाट पंच ठेवून मध्यम हातोडीचे नेमके, कोरडे घाव. जोर नको, हादरा हवा. त्याने आट्यांतली भुकटी फुटते आणि तेल आत जायला जागा होते.

मग उष्णता. हा टप्पा लोक टाळतात, आणि तोच सगळ्यात गुणकारी आहे. अ‍ॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. ८ मिलिमीटरचं भोक १३० अंशांनी तापवलं तर ते बोल्टपेक्षा साधारण एक शतांश मिलिमीटर जास्त मोठं होतं. आकडा क्षुल्लक वाटतो, पण जाम आट्यांना तेवढंच हवं असतं. ब्लो टॉर्च बोल्टवर न धरता भोवतालच्या अ‍ॅल्युमिनियमवर फिरवत ठेवायचा, एका जागी थांबायचं नाही. पाण्याचा थेंब टाकून बघा: नुसता चर्र करून आटला तर अजून तापायला वाव आहे, गोळी होऊन नाचायला लागला तर पुरे झालं. अ‍ॅल्युमिनियम लाल होत नाही, आधी काही सांगत नाही, एकदम खचतं. तेव्हा रंगाची वाट बघू नका. टू-स्ट्रोक गाडीत जवळ क्रँकचं ऑइल सील असेल तर टॉर्चऐवजी हॉट एअर गन घ्या, नाहीतर सीलही बदलावं लागेल. आणि अ‍ॅसिटोनचं मिश्रण लावलेल्या जागी ते पूर्ण उडाल्याशिवाय ज्वाला आणायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

तापलेल्या आट्यांच्या तोंडाशी मेणबत्ती टेकवा. मेण वितळून आत ओढलं जातं आणि वंगणाचं काम करतं. जुने मिस्त्री हे करतात आणि ते खरोखर चालतं.

आता व्हाइस ग्रिपने, म्हणजे लॉक होणाऱ्या पकडीने, दांडी घट्ट पकडा. आधी किंचित आवळायच्या दिशेने फिरवा. ‘टक्’ झालं की मग सोडायच्या दिशेने. पाव फेरा मागे, थोडा पुढे, पुन्हा तेल, पुन्हा मागे. सलग सोडत राहिलात तर सुटलेली भुकटी पुढच्या आट्यांत अडकून तुकडा पुन्हा जाम होतो. स्टड असेल आणि त्याचे वरचे आटे शाबूत असतील तर दोन नट एकमेकांवर आवळून खालच्या नटाला पाना लावा. दांडीवर व्हाइस ग्रिप घसरत असेल तर कानशीने दोन बाजू सपाट करून घ्या.

यातूनही सुटलं नाही तर वेल्डिंग. तुकड्याच्या मापापेक्षा किंचित मोठा नट त्यावर ठेवायचा आणि नटाच्या भोकातून आत वेल्ड भरायचं. लोखंडाचं वेल्ड अ‍ॅल्युमिनियमला धरत नाही, त्यामुळे भोवतालच्या भागाला सहसा काही होत नाही. वेल्डची उष्णता थेट बोल्टमध्ये उतरते, तो आधी फुगतो आणि निवताना आकसतो, त्यातच आट्यांची पकड सुटते. लालपणा गेला की, पण अजून गरम असतानाच, पाना लावून मागे-पुढे करायचं. ८ मिलिमीटर आणि त्यावरच्या बोल्टला हा उपाय उत्तम. ६ मिलिमीटरला चांगल्या हाताचा टिग किंवा मिग वेल्डिंगवाला हवा. पहिल्यांदा नट तुटून येईल, दुसऱ्यांदाही येईल. दर वेळी आतला तुकडा तापतोय, म्हणजे काम होतंय.

तुकडा आत असेल तर

आता ड्रिल. इथे सगळा खेळ मध्यबिंदूचा आहे. लोखंड कठीण, भोवतालचं अ‍ॅल्युमिनियम मऊ. ड्रिल मध्यापासून जरा ढळलं की ते मऊ बाजूला पळतं, जसं म्हशीला मोकळं सोडलं की ती पाण्याकडे जाते. एकदा अ‍ॅल्युमिनियममध्ये शिरलेलं ड्रिल परत मध्यावर येत नाही.

तुटलेला पृष्ठभाग वाकडातिकडा असतो. तो आधी बारीक कानशीने किंवा छोट्या ग्राइंडिंग पॉइंटने सपाट करा. सेंटर पंचने आधी अगदी हलका ठिपका द्या, दोन बाजूंनी वाकून बघा. ठिपका सरकलेला असेल तर पंच तिरका धरून त्याला मध्याकडे ढकला, मग जोराचा घाव. पुढे सेंटर ड्रिल घ्या. ते आखूड आणि जाड असल्यामुळे लवत नाही.

तुकडा खोल असेल तर नजरेवर विसंबू नका. टर्नरकडून, म्हणजे लेथवाल्याकडून, एक छोटा बुश (नळीसारखा तुकडा) करून घ्या: बाहेरून कव्हरच्या भोकात घट्ट बसेल असा, आतून ३ मिलिमीटरचं सरळ भोक. मग कव्हरच बाकीच्या स्क्रूंनी परत जागेवर लावायचं, तुटलेल्या स्क्रूच्या जागी बुश घालायचा आणि त्यातून ड्रिल. मूळ कारखान्याने भोक जिथे पाडलं होतं, बरोबर तिथेच तुमचं ड्रिल जाणार. लेथवाल्याचं हे थोड्या वेळाचं काम आहे, पण ते करून घेणारे कमी. हेड काढलेलं असेल तर ते पिलर ड्रिलवर (उभ्या, स्थिर ड्रिल मशीनवर) बांधा, हँड ड्रिलचा मोह नको.

चेंबर उघडं असेल तर आधी सगळी भोकं चिंध्यांनी बंद करा. लोखंडाचा कीस चुंबकाने निघेल, अ‍ॅल्युमिनियमचा निघणार नाही, आणि तो बेअरिंगमध्ये गेला की पुढचा खर्च मोठा. ड्रिलच्या टोकाला थोडं ग्रीस लावलं तर बराच कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो.

ड्रिल हायस्पीड स्टीलचं, नवं, धारदार. वेग कमी, दाब एकसारखा, अधूनमधून तेलाचा थेंब. किती खोल जायचं त्याची खूण ड्रिलवर चिकटपट्टीने करा. डाव्या हाताची, म्हणजे उलटी फिरणारी ड्रिल मिळाली तर तीच घ्या. ती कापताना सोडायच्या दिशेने ओढते, आणि पुष्कळ वेळा ३-४ मिलिमीटरपर्यंत पोहोचायच्या आत तुकडाच वर चढून येतो. मुंबईत नागदेवी स्ट्रीटला विचारा. किंवा मागवून घ्या.

६ मिलिमीटरच्या बोल्टसाठी ३ पासून सुरू करून ४, मग ४.५. तिथे थांबा. ६ मिलिमीटरच्या आट्यांना टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारायचं भोक ५ चं असतं, म्हणजे ४.५ ला फक्त पातळ नळी उरते. मध्य साधला असेल तर ही नळी आत चेपून टोकदार सुईने, बारीक पकडीने काढता येते. आट्यांचा राहिलेला वेटोळा तारेसारखा ओढून निघतो. ८ च्या बोल्टला असंच ६.५ पर्यंत जा; टॅपचं माप ६.८. शेवटी योग्य जातीचा टॅप हाताने, तेल घालून, अर्धा फेरा पुढे पाव फेरा मागे करत फिरवून आटे साफ करा. बुलेटवर इथेच पिच गेज कामी येतं. ५/१६ च्या भोकात ८ चा टॅप घातला की मघाचीच चूक आपल्या हाताने करून बसाल.

ईझी आउटबद्दल

टूलच्या दुकानात गेलात की दुकानदार हमखास ईझी आउटचा संच पुढे करेल. बोल्टमध्ये भोक पाडायचं, त्यात हे उलट्या आट्यांचं निमुळतं टूल घालायचं आणि फिरवून बोल्ट काढायचा. ऐकायला छान. पण विचार करा. पूर्ण जाडीचा बोल्ट जिथे सुटला नाही आणि तुटला, तिथे त्याच्याच भोकात मावेल इतकं बारीक टूल तेवढाच जोर कसं सोसेल? वर ते निमुळतं असल्यामुळे आत जाताना बोल्टला बाहेर फाकवतं, म्हणजे आणखी घट्ट करतं. आणि तुटलं तर ते इतकं कठीण पोलाद असतं, की साध्या ड्रिलने त्याला ओरखडाही उठत नाही.

आवळताना तुटलेल्या, आत सैल असलेल्या तुकड्याला ईझी आउट चालेल. १० मिलिमीटरच्या पुढच्या बोल्टलाही, आधी तापवून, कधीकधी. जाम झालेल्या ६ मिलिमीटरच्या बोल्टला ते लावू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

आत टॅप किंवा ईझी आउट तुटलं असेल तर

हे घरचं काम राहिलं नाही. स्पार्क इरोजन करणाऱ्याकडे जा. तांब्याच्या इलेक्ट्रोडमधून ठिणग्या पाडून ते मशीन कठीण पोलाद कणाकणाने खाऊन टाकतं, आणि नीट बांधलं तर आट्यांना स्पर्शही होत नाही. डाय-मोल्ड बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये हे मशीन असतं. पुण्यात भोसरीला, कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आणि शिरोलीच्या बाजूला चौकशी केली की सापडेल. ते मोठ्या कारखान्यांची कामं करतात, तुमचा एक बोल्ट त्यांच्यासाठी किरकोळ आहे. तेव्हा अख्खी गाडी घेऊन जाऊ नका. सुटा, धुतलेला भाग न्या आणि कोणत्या मापाचं भोक आहे ते कागदावर लिहून न्या.

दुसरा उपाय तुरटीचा, घड्याळजींच्या परंपरेतला. पितळी भागात तुटलेला पोलादी स्क्रू ते तुरटीच्या पाण्यात विरघळवून काढतात. अ‍ॅल्युमिनियमबाबतही तो चालतो: गरम पाण्यात विरघळेल तेवढी तुरटी, काचेच्या भांड्यात, पाणी सतत गरम ठेवायचं. लोखंडावरून बारीक बुडबुडे निघत राहतात आणि ते काळं होऊन झडत जातं. खिडकी उघडी असू द्या. अट एकच: त्या भागात दुसरं कुठलंही लोखंड नको. बेअरिंग, स्टड, गाइड असलं तर तेही जाणार. वेळ भरपूर लागतो, पाणी पुन्हा पुन्हा बदलावं लागतं, अ‍ॅल्युमिनियमचा रंगही थोडा मंदावतो. सुट्या कव्हरसाठी मात्र छान. कॉस्टिक सोडा किंवा संडास साफ करायचं अ‍ॅसिड यांच्या वाटेला चुकूनही जाऊ नका. ती दोन्ही आधी अ‍ॅल्युमिनियम खातील.

आटे गेले असतील तर

ड्रिल थोडं सरकलं, किंवा आटे आधीच चिरडलेले होते, तर हेलिकॉइल बसवा. तारेचा हा स्प्रिंगसारखा वेटोळा. ६ मिलिमीटरसाठी भोक ६.३ करायचं, संचातल्याच खास टॅपने आटे पाडायचे, मग वेटोळा फिरवत आत न्यायचा, पृष्ठभागाच्या पाव-अर्धा फेरा खालीपर्यंत. शेवटी तळाची आडवी शेपटी एका ठोक्याने मोडून बाहेर काढायची. ती आत विसरू नका. नीट बसलेलं हेलिकॉइल मूळ अ‍ॅल्युमिनियमच्या आट्यांपेक्षा मजबूत असतं, त्यात कमीपणा काही नाही.

भोक फारच मोठं किंवा तिरकं झालं असेल तर टर्नरकडून आटेदार बुश बसवून घ्या, किंवा अ‍ॅल्युमिनियम वेल्डिंगने भोक भरून नव्याने पाडून घ्या. पायरीचा स्टड, म्हणजे खाली जाड आणि वर मूळ मापाचा, हाही जुना आणि चांगला तोडगा. इपॉक्सी पुटी भरून त्यात स्क्रू फिरवण्याचा प्रकार हेड, एक्झॉस्ट किंवा ड्रेन प्लगच्या जवळही आणू नका.

परत लावताना

भोक रॉकेलने धुऊन हवेने पूर्ण कोरडं करा. बंद भोकात तेल साचलेलं असताना बोल्ट आवळला तर तेलाला जायला जागा नसते आणि त्या दाबाने चेंबरला चीर जाऊ शकते.

बोल्टच्या आट्यांवर अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) किंवा कॉपर ग्रीसचं बोट फिरवा. वंगण लावलेला बोल्ट कमी जोरात जास्त आवळला जातो, म्हणून नेहमीपेक्षा थोडं कमीच आवळा. अ‍ॅल्युमिनियममध्ये ६ मिलिमीटरच्या बोल्टला ८ ते १० न्यूटन-मीटर पुरे. १५ सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला हा जोर जेमतेम सात किलोचा होतो. आपला हात सहज त्याच्या दुप्पट लावतो, त्यामुळे छोटा टॉर्क रेंच (ठरावीक जोर मोजून आवळणारा पाना) घेणं शहाणपणाचं. तो नसेल तर पाना टोकाला न धरता डोक्याजवळ धरा. ८ मिलिमीटरला २० च्या आसपास. हेडच्या नटांना मात्र त्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा आणि क्रमच पाळायचा.

हल्ली जावाचे खाचेचे मूळ स्क्रू काढून चकचकीत स्टेनलेसचे अ‍ॅलन बोल्ट लावायची फॅशन आहे. दिसायला बरे, सोडायला सोपे. पण स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमची जोडी पाण्यात साध्या लोखंडापेक्षाही वाईट वागते. लावायचेच असतील तर कॉपर ग्रीसशिवाय लावू नका, आणि अ‍ॅलन कीचा मोठा दांडा वापरून पिळू नका. बाहेर न दिसणाऱ्या जागी साधे ८.८ ग्रेडचे झिंक केलेले बोल्टच बरे. पुण्यात नाना पेठेत जुन्या मापांचे स्क्रूही मिळून जातात, नमुना बरोबर न्या.

बेंड पाइपच्या स्टडना पितळी नट लावा. पितळ गंजून चिकटत नाही, आणि पुढेमागे जाम झालंच तर नटाचे आटे जातील, स्टड वाचेल.

मग गाडी सुरू करून नीट तापू द्या, पूर्ण थंड होऊ द्या, आणि त्या बोल्टसकट सगळ्यांना एकदा त्याच मापाने पाना लावून बघा. नवं पॅकिंग दबून बसतं, त्यामुळे एखाद-दुसरा बोल्ट थोडा फिरेल. बेंड पाइपच्या जोडावर काजळी दिसली तर तिथून धूर गळतोय. नट पिळत बसण्याआधी आतलं पॅकिंग नीट बसलंय का ते बघा.